टोकामॅकच्या कॉइली डी आकाराच्या का? फरमा करायला बसलोय, अडलोय

वाइंडिंग_शिरोडा

नमस्कार मंडळी. शिरोड्यात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. बोअरचे पंप, पंखे, पिठाच्या गिरणीची मोटार, पावसाळ्यात वीज पडून जळलेलं काहीही येतं. शिक्षण आयटीआय. प्रश्न वाइंडिंगचाच आहे, गिऱ्हाईक मात्र निराळं आहे.

माझी भाची अकरावी सायन्सला आहे. परवा वहीत एक चित्र काढून घेऊन आली नि म्हणाली, "मामा, माका ह्या आकाराचे अठरा कॉइल करून दी." चित्रात सायकलच्या ट्यूबसारखी एक फुगीर कडी, आणि तिच्यावर बांगड्या ओवाव्यात तशा कॉइली. याला टोकामॅक म्हणतात, सूर्यात जशी अणूंची जोडणी होते तशी यात करायची, आणि सगळ्यात मोठा टोकामॅक फ्रान्समध्ये बांधताहेत, त्याचं नाव ईटर, आपला देशही त्यात आहे, हे सगळं तिनं मला सांगितलं. तिला प्रदर्शनासाठी मॉडेल करायचंय. प्लाझ्मा होणार नाही हे तिलाही माहीत आहे. कडीच्या आत चुंबकीय क्षेत्र कसं गोल फिरतं तेवढं होकायंत्रानं दाखवायचं.

अडलंय ते आकारावर. तिच्या चित्रातली प्रत्येक कॉइल इंग्रजी डी सारखी आहे. कडीच्या मधल्या भोकाकडची बाजू सरळ, बाहेरची पोट आल्यासारखी. वाइंडिंग करणाऱ्याला विचाराल तर गोल फरमा सगळ्यात सोपा. तारेचा ताण सगळीकडे सारखा राहतो, वेढा वेढ्यावर नीट बसतो. सरळ बाजू आली की तिथे तार बसत नाही, पोट धरते. बांबूच्या पट्टीनं ठोकून बसवावी लागते, वर दोरा बांधावा लागतो. एवढा त्रास त्या लोकांनी उगाच घेतला नसणार. कॉलेजात सर म्हणाले, "प्लाझ्माचा आकार तसा असतो म्हणून." तिचं त्यावर समाधान नाही, माझंही नाही.

दुसरी गोष्ट. शॉर्ट होऊन आलेली मोठी मोटार उघडली की बऱ्याचदा स्लॉटबाहेरच्या कॉइलच्या टोकांना बांधलेले दोरे तुटलेले दिसतात. म्हणजे जळण्याआधी तार हललेली असते. नुसत्या करंटच्या जोरानं. भाची म्हणते ईटरच्या कॉइलमध्ये ६८,००० अँपिअर. मग ती कॉइल जागेवर राहते कशी? माझा खरा प्रश्न हाच आहे. मला वाटतं डी आकाराचं उत्तरही यातच कुठेतरी असेल.

फरम्यासाठी सागवानाची फळी कापून ठेवलीय. उत्तर आलं की करवत लावतो.


भौतिकी_रत्नागिरी

दादा, प्रश्न फार आवडला. मी एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तुमच्या सरांचं म्हणणं चुकीचं नाही, त्यात थोडी भर घालते.

प्लाझ्मा म्हणजे सुटे सुटे विद्युतभारित कण. ते चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेत रेषेच्या बाजूनं पळतात. रेषा सरळ असेल तर टोकाला पोचून निसटतील, म्हणून रेषेची कडी केली. पण कडी केली की क्षेत्र आतल्या बाजूला जास्त आणि बाहेर कमी होतं. त्या फरकामुळे एक प्रकारचे कण वर सरकतात, दुसरे खाली, आणि पूर्ण प्लाझ्मा बाहेरच्या भिंतीकडे ढकलला जातो. यावर उपाय म्हणून रेषांना पीळ द्यायचा, सुंभ वळतात तसा. टोकामॅकमध्ये हा पीळ प्लाझ्मातूनच करंट वाहवून देतात. ईटरमध्ये तो १ कोटी ५० लाख अँपिअर असेल. ही कल्पना १९५० च्या सुमारास सोव्हिएत रशियात साखारोव्ह आणि ताम यांनी मांडली.

प्लाझ्मा उभट आणि डीसारखा केला तर जास्त दाब सहन करतो, हे पुढे प्रयोगांतून कळलं. म्हणून भांडंही तसं, कॉइलही तशी.

आणि तापमानाची भीती भाचीला वाटत असेल तर सांगा: १५ कोटी अंश खरं, पण तो वायू आपल्या हवेपेक्षा लाखो पटींनी विरळ असतो. ईटरच्या ८०० घनमीटरहून मोठ्या पोटात एका वेळी एक ग्रॅमपेक्षाही कमी इंधन असेल.


अंजनवेल_काका

वाइंडिंगवाले, तुम्ही उत्तराच्या उंबऱ्यावर उभे आहात. प्लाझ्मा अगदी गोल ठेवायचा ठरवला तरी एवढ्या मोठ्या यंत्राची कॉइल डीच करावी लागली असती. वरच्या मुलीनं लिहिलंय ते बरोबर आहे, पण ते प्लाझ्माच्या बाजूनं. मी लोखंडाच्या बाजूनं लिहितो. टोकामॅकवर मी काम केलेलं नाही. ३१ वर्षं प्रेशर व्हेसलच्या कारखान्यांत डिझाइन आणि वेल्डिंग तपासणी केली, आता अंजनवेलला घरी असतो. ईटरचं जे काही छापून येतं ते वाचत आलो, कारण माझ्या डोळ्यांसमोर एवढं अवघड बांधकाम दुसरं कुठलंही झालेलं नाही.

आधी आकडा. कडीतलं क्षेत्र काढायला एकच सूत्र पुरतं: एकूण वेढे गुणिले अँपिअर, भागिले मधल्या अक्षापासूनचं मीटरमधलं अंतर, आणि त्याला २ भागिले १ कोटी यानं गुणायचं. उत्तर टेस्लात येतं. ईटरच्या १८ कॉइली, प्रत्येकीत १३४ वेढे, ६८,००० अँपिअर. गुणाकार १६ कोटी ४० लाख. प्लाझ्माचा मध्य अक्षापासून ६.२ मीटरवर. करून बघा, ५.३ टेस्ला येईल. भाचीला हे स्वतः करू द्या.

अंतर भागाकारात आहे याकडे लक्ष द्या. अक्षाजवळ क्षेत्र जास्त, लांब गेलं की कमी. आतल्या बाजूला तारेपाशी ते ११.८ टेस्लापर्यंत चढतं. तिथल्या एका वेढ्याच्या एका मीटरवर सुमारे ८० टनांचा जोर. चिऱ्यांनी भरलेले आठ ट्रक, एका मीटरच्या लांबीवर, आणि ते एकाच वेढ्यावर.

आता गोल कॉइल मनात आणा. करंट वाहणारा वेढा नेहमी फुगायला बघतो, तुमचे दोरे त्यानंच तुटतात. क्षेत्र सगळीकडे सारखं असतं तर गोल वेढा सगळीकडे सारखा फुगला असता आणि तारेत नुसता ताण आला असता. इथे आतली बाजू जोरात ढकलली जाते, बाहेरची हळू. मग गोल कॉइल वाकायला लागते. लोखंड ताण आनंदानं सहन करतं, वाकणं नाही. म्हणून डिझाइनवाल्यांनी प्रश्न उलटा विचारला: कॉइलच्या जागी सुंभाची दोरी असती तर ती या जोरात कुठला आकार घेऊन स्थिर झाली असती? दोरीला वाकण्याची ताकदच नाही, ती फक्त ताणली जाते. गणित केलं की उत्तर डी येतं. नियम इतका सोपा आहे की सुतारही फरमा आखेल: वळणाची त्रिज्या अक्षापासूनच्या अंतराच्या प्रमाणात ठेवायची. जोर कमी तिथे वळण सैल, जोर जास्त तिथे वळण घट्ट.

राहिली सरळ बाजू. ती स्वतःच्या ताणानं उभी राहूच शकत नाही, कारण सरळ दोरी बाजूचा जोर घेत नाही. तिला पाठीमागून आधार हवा. सगळा हिशेब मांडला की ईटरची प्रत्येक कॉइल मधल्या अक्षाकडे सुमारे ४०,००० टन जोरानं ओढली जाते. अठराच्या अठरा. त्यांना थोपवायचं कशानं?

आमच्या परसातली विहीर माझ्या लहानपणी बांधली. वरची आठ हात माती ढासळत होती, म्हणून गवंड्यानं गोल चिरेबंदी केली. प्रत्येक चिरा तो आतल्या अंगाला किंचित अरुंद तासत होता, पाचरीसारखा. चुना नाही, सिमेंट नाही. वडिलांनी विचारलं, माती चहूकडून दाबेल तेव्हा चिरे आत येणार नाहीत का? गवंडी म्हणाला, येऊ देत की, जेवढे आत येतील तेवढे एकमेकांत आवळतील. ती विहीर अजून तशीच आहे, एक चिरा हललेला नाही.

ईटरच्या मध्यभागी हेच केलंय. अठरा कॉइलींच्या सरळ बाजू पाचरीसारख्या तासून एकमेकींना भिडवल्या की गोल विहीर तयार होते. जोर आत ओढतो, त्या एकमेकींत आवळतात. आणि त्या विहिरीच्या पोकळीत, कठड्याला न टेकता, प्लाझ्मात करंट सुरू करणारी मधली मोठी कॉइल उभी असते, सहा मजल्यांची, १३ टेस्लाची. बाहेरचा भार तिच्यावर येत नाही. फरक एवढाच की आमच्या गवंड्याचा चिरा हातभर होता. इथे एक कॉइल १७ मीटर उंच, सुमारे ३६० टनांची, आणि भिडणाऱ्या पृष्ठभागांतली चूक मिलिमीटरच्या अंशांत मोजतात. एक चिरा उंच राहिला तर सगळा भार त्याच्यावर.

तुम्हाला आवडेल असं एक सांगतो. आत १३४ वेढे एकावर एक रचले असते तर शेवटच्या वेढ्यावर सगळ्यांचा भार साचून त्याचं इन्सुलेशन चिरडलं असतं. म्हणून पोलादाच्या जाड प्लेटींत खोबणी कोरून प्रत्येक वेढा स्वतंत्र खोबणीत बसवलाय. प्रत्येक वेढ्याला स्वतःचा स्लॉट, तुमच्याच भाषेत.

अठराच का, असा प्रश्न पुढे येईलच. कमी केल्या तर दोन कॉइलींच्या मधल्या फटीत क्षेत्र लेचंपेचं होतं आणि कण तिथून गळतात. जास्त केल्या तर दुरुस्तीचा हात, तापवण्याची यंत्रं, पंप हे सगळं आत न्यायला वाट राहत नाही. यात शुद्ध उत्तर नसतं, तडजोड असते. मला डिझाइनमधला हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.


वाइंडिंग_शिरोडा

काका, विहिरीपाशी येऊन दोन वेळा वाचलं. आमच्या मागच्या विहिरीचे चिरे जाऊन बघून आलो, आतल्या अंगाला तासलेले आहेत. इतकी वर्षं पाणी काढतोय, कधी लक्षात आलं नव्हतं.

आता वाइंडिंगवाल्याची शंका. आम्ही एनॅमल तार घेतो, स्लॉटमध्ये पेपर टाकतो, वेढे भरतो, शेवटी वॉर्निश पाजून भट्टीत शंभर-सव्वाशे अंशांवर सुकवतो. यांची तार कसली? आणि इन्सुलेशन कधी?


अंजनवेल_काका

इथे तुमचा क्रम उलटा होतो. तार नायोबियम आणि कथील यांच्या संयुगाची. उणे २६९ अंशांना ती करंट विनारोध नेते, पण हे संयुग पापडासारखं ठिसूळ. तयार तार वाकवली की संपली. म्हणून तार ओढताना नायोबियम आणि कथील वेगवेगळे ठेवतात. जेमतेम ०.८ मिलिमीटर जाडीच्या अशा ९०० तारा आणि शुद्ध तांब्याच्या ५२२ तारा एकत्र पिळतात, मधे हीलियम वाहायला पन्हळ, वर पोलादी नळी. ही केबल ७६० मीटरपर्यंत सलग असते. तिला डी आकार देऊन मग भट्टीत सुमारे ६५० अंशांवर कित्येक दिवस भाजतात. तेव्हा आत संयुग तयार होतं. आणि त्यानंतर, केबल जवळपास न वाकवता, वेढे स्प्रिंगसारखे अलगद फाकवून काचेच्या कापडाची पट्टी गुंडाळतात. आधी भट्टी, मग इन्सुलेशन. शेवटी निर्वातात रेझिन पाजतात, तेवढं तुमच्या वॉर्निशसारखं.

तांब्याच्या तारा कशाला? कुठेतरी तार जरा तापली आणि तिचा तो गुण गेला तर ६८,००० अँपिअरला जायला वाट हवी. अठरा कॉइलींत मिळून साठलेली ऊर्जा ४१ अब्ज ज्यूल, म्हणजे विजेच्या बिलातली अकरा हजारांहून जास्त युनिटं. दर महिन्याला शंभर युनिटं वापरणाऱ्या घराची नऊ वर्षांची वीज. ती काही सेकंदांत बाहेरच्या मोठ्या रेझिस्टरांत उतरवावी लागते. मोटार जळली की तुम्ही नवी भरता. इथे नवी भरायची सोय नाही.


हर्णै_डिझेल

मी हर्णै बंदरात बोटींची इंजिनं बघतो. मला फ्यूजन कळत नाही, पण काकांना विचारायचंय. मागे वाचलं की ईटरच्या पाइपांना तडे गेले आणि कारण क्लोराइड निघालं. हे खरं असेल तर आमचा रोजचा शत्रू तिथेही आहे. ट्रॉलरवर स्टेनलेसची होज क्लिप बाहेरून आरशासारखी चकचकीत असते, गंजाचा ठिपका नसतो, आणि एक दिवस आवळताना कडकन तुटते. तुटलेल्या जागी बघाल तर काच फुटल्यासारखी. नवीन पोरांना वाटतं जास्त आवळली म्हणून तुटली. तसं नसतं. ती महिनाभर आतून चिरत आलेली असते.


अंजनवेल_काका

खरं आहे, आणि तुमची क्लिप हे त्याचं अगदी तंतोतंत उदाहरण आहे. स्टेनलेस, त्यात ताण, आणि खार. तिन्ही एकत्र आले की गंज न दिसता चीर पडते.

हकीकत अशी. १५ कोटी अंशांचा प्लाझ्मा आणि उणे २६९ अंशांच्या कॉइली यांच्यात काही मीटरचंच अंतर. मधे भिंतीचे ठोकळे, दुपदरी भांडं, आणि भांडं व कॉइली यांच्यामध्ये चांदीचा मुलामा दिलेले पातळ पोलादी पडदे. उष्णता परतवायला चांदी, आणि पडदे थंड ठेवायला त्यांच्या पाठीवर वेल्ड केलेल्या नळ्या, त्यांतून उणे १९३ अंशांचा हीलियम वायू. मुलामा देण्याआधी पृष्ठभाग रसायनानं धुतात. नळी आणि पडदा यांच्या वेल्डजवळच्या बारीक कपारींत क्लोरीनचा अंश अडकून राहिला. तिथून तडे गेले. २०२२ च्या शेवटी हे जाहीर झालं. नळ्यांची लांबी मोजली तर २३ किलोमीटर, सगळ्या काढून नव्या घालायचं ठरलं. त्या आधी मे २०२२ मध्ये यंत्राच्या खड्ड्यात भांड्याची एक पाकळी, म्हणजे संत्र्याच्या फोडीसारखा भाग, उतरवली होती, तेराशे टनांची. भांड्याच्या पाकळ्यांच्या कडाही जुळत नव्हत्या, वेल्डिंगला हव्या तशा नव्हत्या. जुलै २०२३ मध्ये ती पाकळी परत वर काढली.

काहींनी तेव्हा लिहिलं की हसं झालं. मला तसं वाटत नाही. तपासणी करणाऱ्यानं आयुष्यात कधीतरी "हे उघडा" म्हणण्याची हिंमत करावी लागते. मी एकदा तयार भांड्याचा अख्खा सांधा कापायला लावला होता, आठवडाभर कोणी माझ्याशी धड बोललं नाही. इथे तर एकदा सगळं बंद झालं आणि किरणोत्सार सुरू झाला की माणसाचा हात पुन्हा आत जाणारच नाही. उघडायचं तर आधीच. २०२४ मध्ये त्यांनी नवं वेळापत्रक दिलं, प्रयोगांना सुरुवात २०३४, खऱ्या इंधनावर २०३९. तोवर मी असेन की नाही माहीत नाही. वाइंडिंगवाल्यांची भाची तेव्हा तिशीत असेल.

तिला आणखी दोन गोष्टी सांगा. या सगळ्याला बाहेरून कवेत घेणारा थर्मास, जवळजवळ ३० मीटर उंच आणि तेवढाच रुंद, ३,८५० टनांचा, तो आपल्या देशात तयार झाला. गुजरातेत हजिऱ्याला तुकडे बनवून बोटीनं धाडले, तिकडे जोडले. आणि गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत आदित्य नावाचा आपला टोकामॅक १९८९ पासून आहे, कडीची त्रिज्या फक्त पाऊण मीटर. तिथे अतिवाहक, म्हणजे विनारोध करंट नेणाऱ्या कॉइलींचा एसएसटी-१ नावाचा टोकामॅक पण आहे. बारावी झाल्यावर तिला दाखवून आणा. चित्र बघणं वेगळं, केबल हातात धरणं वेगळं.

फरम्याचं माप हवं असेल तर हे घ्या. सरळ बाजू अक्षापासून ५ सेंटीमीटरवर, पोटाचा बाहेरचा बिंदू २५ वर. वळणाची त्रिज्या त्या त्या ठिकाणच्या अंतराच्या ०.८ पट. म्हणजे पोटाशी २०, माथ्यावर ९, सरळ बाजूला मिळताना ४. कर्कटकानं तुकड्यातुकड्यानं आखा.


वाइंडिंग_शिरोडा

काका, काल रात्री फरमा झाला. तुम्ही दिलेल्या त्रिज्यांनी आखला, कडा कानसून गोल केल्या, मेण लावलं. १८ गेजची तार, वीस वेढे. एकूण साडेतीन किलो तांबं लागेल असा अंदाज, जुन्या मोटारींतली जपून ठेवलेली चांगली तार आहे तीच वापरतोय. अठराही कॉइली एकापुढे एक जोडून चोवीस व्होल्टवर पाच अँपिअर निघतील. तुमच्या सूत्रानं भाचीनं हिशेब केला: अकरा सेंटीमीटरवर तीन मिलिटेस्लाच्या थोडं वर. म्हणाली, पृथ्वीच्या क्षेत्राच्या ऐंशी पट, होकायंत्राला उत्तर दिशा आठवणारच नाही.

आणि एक दिसलं ते लिहायलाच हवं. नेहमीच्या डी फरम्यावर, म्हणजे अर्धवर्तुळ अधिक सरळ रेघ, मी आधी एक कॉइल करून पाहिली होती. या नव्यावर पोटापासून कोपऱ्यापर्यंत तार आपोआप बसत गेली, जसं वळण घट्ट होत गेलं तशी जास्त दाबून. एकदाही पट्टी मारावी लागली नाही. सरळ बाजूला मात्र पुन्हा पोट धरलं. भाचीनं बोटानं तिथली तार दाबून बघितली, सैल होती. म्हणाली, "मामा, हीच बाजू विहिरीक टेकता मां?"

सरळ बाजूला मी आता बांबूऐवजी चिंचेच्या लाकडाची पाचर करतोय, अठरा पाचरी, प्रत्येकीचा कोन वीस अंश. मधे एकमेकींना भिडल्या की पूर्ण गोल होईल. आज सहा कॉइली झाल्या. सातवी फरम्यावर आहे.

हर्णैवाले, जोडणीचे स्क्रू स्टेनलेसचे घेणार होतो, शिरोड्याची मिठागराची हवा आठवून पितळेचे आणलेत.